गिरनार : डोंगर हेच क्षेत्र

गिरनारहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात. दर्शन कसं झालं, हा पहिला; आणि किती तासांत चढलात, हा दुसरा. पहिला प्रश्न भाविकाचा, दुसरा ट्रेकरचा. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून जुनागढला निघणाऱ्या मंडळींत हे दोन्ही प्रकारचे लोक असतात. अनेकदा एकाच माणसात दोघंही असतात. वरकरणी दोघांची ओढ वेगळी असते. एकाला दत्तगुरूंच्या पादुकांवर डोकं ठेवायचं असतं, दुसऱ्याला दहा हजार पायऱ्या पायाखाली घालायच्या असतात. पण एक समज दोघांचाही सारखाच असतो : मधला डोंगर म्हणजे पार करायचं अंतर. माझं म्हणणं या समजाविरुद्ध आहे. गिरनारचा डोंगर ही देवाकडे जायची नुसती वाट नाही. तो डोंगरच क्षेत्र आहे. एवढं मान्य केलं, की तयारी कशी करावी, रोपवेने जावं की पायी, कचऱ्याचं काय करावं, दुसऱ्या पंथाच्या माणसाशी कसं वागावं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच सूत्रात बसतात. भाविक आणि गिर्यारोहक यांच्यातलं अंतरही मग आपण समजतो तेवढं उरत नाही.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. गिरनार सौराष्ट्रात, जुनागढ शहराला लागून उभा आहे. त्यावरचं गोरखनाथ शिखर गुजरातमधलं सर्वांत उंच शिखर. समुद्रसपाटीपासूनची उंची हजार मीटरहून थोडी अधिक. कळसूबाईचे १,६४६ मीटर ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तिथेच फसगत होते. सह्याद्रीत आपण बऱ्याचदा पाच-सहाशे मीटर उंचीवरच्या गावातूनच चढायला लागतो. जुनागढ मात्र जवळपास सपाटीवरचं शहर आहे, त्यामुळे डोंगराची बहुतेक सगळी उंची स्वतःच्या पायांनी कमवावी लागते. चढणही एकसलग नाही. भवनाथ तळेटीपासून, म्हणजे पायथ्यापासून, पायऱ्या सुरू होतात. चार हजारांच्या आसपास जैन मंदिरांचा समूह लागतो, साडेपाच हजारांच्या सुमाराला अंबामातेचं देऊळ. त्यापुढे गोरखनाथ. तिथून बरंच खाली उतरायचं आणि पुन्हा खडा चढ चढून दत्तशिखर गाठायचं. सगळ्या मिळून पायऱ्या दहा हजारांच्या घरात सांगितल्या जातात. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या हिशेबाने गिरनार म्हणजे एका दमात जवळजवळ शंभर पर्वती. परतीला नुसता उतारच असेल, हीसुद्धा चुकीची समजूत. दत्तशिखरावरून खाली आल्यावर गोरखनाथाकडे पुन्हा चढावंच लागतं, आणि तेही पाय थकलेले असताना.

पावित्र्य एका शिखरावर गोळा झालेलं नाही, याचा पहिला पुरावा डोंगरावरच पसरलेला आहे. जैन परंपरेनुसार बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं निर्वाण इथे झालं. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून हा राजपुत्र वरातीतूनच माघारी फिरला आणि विरक्त होऊन या डोंगरावर आला, अशी त्यांची कथा आहे. त्यांचं इथलं मंदिर बाराव्या शतकातलं. शेजारी तेराव्या शतकात मंत्री वस्तुपालाने बांधवलेलं मंदिर. वर अंबामाता, त्याच्याही वर नाथपंथाचे गोरखनाथ, पलीकडच्या सुळक्यावर दत्तात्रेयांच्या पादुका. पायथ्याला भवनाथ महादेव, जिथे महाशिवरात्रीला साधूंचा मोठा मेळा भरतो. जवळच दामोदर कुंड, ज्याच्याशी गुजरातचे संतकवी नरसी मेहता यांची आठवण जोडलेली आहे. शेजारच्या दातारच्या डोंगरावर सूफी संत जमियलशाह दातार यांचं स्थान आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघंही जातात. मराठी माणसाला यात आपला धागाही सापडतो. गोरखनाथांपासून गहिनीनाथ, त्यांच्यापासून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांपासून ज्ञानेश्वर, अशी आपली नाथपरंपरा सांगितली जाते. तेव्हा गिरनारच्या सर्वोच्च शिखरावरून घाईघाईने पुढे सरकणारा मराठी दत्तभक्त आपल्याच परंपरेच्या एका मूळस्थानाला नुसता ओझरता नमस्कार करून जात असतो.

दुसरा पुरावा याहून भक्कम आहे, आणि तो म्हणजे परिक्रमा. दर वर्षी कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारभोवती सुमारे ३६ किलोमीटरची 'लीली परिक्रमा' होते. लाखो लोक जंगलातून चालतात, वाटेत जीणाबावांची मढी, माळवेला, बोरदेवी अशा ठिकाणी मुक्काम करतात, चढ-उताराच्या खिंडी ओलांडतात. या संपूर्ण विधीत शिखर चढणं हा भागच नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती चालणं, एवढीच उपासना. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा होते, ती याच जातीची. निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते या प्रदक्षिणेतच, असं परंपरा सांगते. म्हणजे गुरूची भेट शिखरावर नव्हे, डोंगराभोवती चालताना झाली. कैलासाचंही तसंच. जगातले मोठमोठे गिर्यारोहक असताना ते शिखर आजवर कुणी चढलेलं नाही. भाविक त्याच्याभोवती चालतात आणि परततात. देव फक्त टोकावर असता, तर टोकाला न जाता केलेल्या या चालण्याला काही अर्थ उरला नसता.

तिसरा पुरावा इतिहासाचा, आणि गिरनारला जाणारे बहुसंख्य मराठी यात्रेकरू तो गाडीतूनच मागे टाकतात. जुनागढहून तळेटीकडे जाताना रस्त्यालगत एक प्रचंड कातळ आहे. त्यावर अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत. त्याच कातळावर इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख आहे आणि पाचव्या शतकातला गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही लेख आहे. या लेखांच्या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. रुद्रदामनच्या लेखावर काम करणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि जुनागढचे भगवानलाल इंद्रजी त्यांच्याकडेच मुंबईला येऊन थोर पुराभिलेखतज्ज्ञ झाले. रुद्रदामनचा लेख आहे तो एका धरणाबद्दल. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने डोंगरातून येणारं पाणी अडवून सुदर्शन तलाव बांधला. अशोकाच्या काळात तुषास्फ याने त्याला कालवे काढले. पुढे भयंकर वादळात डोंगरावरून उतरलेल्या नद्यांच्या पुराने बांध फुटला. मंत्र्यांनी दुरुस्तीचं काम अशक्य म्हणून सोडून दिलं होतं. तरीही रुद्रदामनने प्रजेवर जादा कर न लादता, वेठबिगार न घेता, स्वतःच्या खजिन्यातून बांध पुन्हा उभारला, असं लेखात अभिमानाने नोंदवलेलं आहे. तीनशे वर्षांनी तो पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताचा अधिकारी चक्रपालित याने दुरुस्त केला. राजवटी बदलल्या, धर्म आणि भाषा बदलल्या, पण सातशेहून अधिक वर्षं राज्यकर्त्यांनी या डोंगराकडे पाहिलं ते शहराचं पाणी म्हणून. ज्या डोंगरावर जीवन अवलंबून आहे तो जपणं हे राजाचं कर्तव्य मानलं गेलं, आणि त्या कर्तव्याची नोंद डोंगराच्या पायथ्याशीच कोरून ठेवली गेली.

हे पाणी येतं जंगलातून, आणि ते जंगल आजही जिवंत आहे. दख्खनच्या लाव्हाथरांत खालून घुसलेला शिलारस आतल्या आत थिजला, वरचे थर झिजून गेले आणि कठीण खडकाचा हा डोंगर उघडा पडला. आपला सह्याद्री ज्या ज्वालामुखी घडामोडींतून घडला, त्याच घडामोडींशी गिरनारचं नातं आहे. २००८ मध्ये या परिसरातलं सुमारे १७८ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. इथे आशियाई सिंह राहतात, बिबटे राहतात, कड्यांवर गिधाडं घरटी करत आली आहेत. पहाटेच्या अंधारात 'जय गिरनारी'चा गजर करत चढणारा यात्रेकरू सिंहाच्या घरातून चाललेला असतो. परिक्रमेची वाट वर्षातले थोडेच दिवस खुली होते आणि बाकीचा काळ ते रान वनखात्याच्या राखणीत शांत असतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. धर्माने ठरवलेली तिथी आणि जंगलाला हवी असलेली विश्रांती इथे एकमेकांना पूरक ठरतात. नाही तर एवढी माणसं बारमाही फिरल्यावर तिथे श्वापदांना थारा राहिला नसता.

डोंगर हेच क्षेत्र असेल, तर त्यावर चालणं हीच पूजा झाली. आणि पूजेची तयारी आपण कधी हलगर्जीपणाने करत नाही. फुलं आदल्या दिवशी आणतो, भांडी घासूनपुसून ठेवतो. मग दहा हजार पायऱ्यांच्या पूजेसाठी पायांची तयारी का नको? इथे भाविकाने गिर्यारोहकाकडून शिकायचं आहे. निदान सहा-आठ आठवडे आधीपासून चालणं आणि जिने चढणं सुरू करावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिने उतरण्याचा सरावही करावा. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला भितो; पण गिरनार बहुतेकांना उतरतानाच इंगा दाखवतो. प्रत्येक पायरी उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच क्षणी शरीराचा सगळा भार तोलून धरत असतो. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना अशा कामाने बारीक इजा होते. म्हणून त्या दिवशी ठीक वाटणारे पाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. गुडघ्यावरचा भारही उतारावर वाढतो. हातात काठी असली, पाऊल लहान ठेवलं, आडवं टाकलं, तर हा भार हलका होतो. चालताना शेजारच्याशी बोलता येत नसेल एवढा दम लागला, तर वेग जास्त आहे असं समजावं. मध्यरात्री चढायला सुरुवात करण्याची रीत ऊन टाळण्यासाठी चांगलीच आहे, पण दिवसभराच्या प्रवासाने आंबलेल्या अंगाने, झोप न घेता चढणं हा त्या शहाणपणाचा विपर्यास आहे. निर्जळी उपास करून चढणंही तसंच. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ शरीराला परत द्यावंच लागतं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी चढूच नये.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येतो. आजवर कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांनी कसलाही सराव न करता नामस्मरणाच्या बळावर गिरनार चढला आहे. देव बोलावतो आणि तोच चढवतो. मग ही शरीराची चिंता म्हणजे अविश्वासच नाही का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यात अनुभवाचं सत्य आहे. नामाच्या लयीत श्वास संथ होतो, पावलं एकसारखी पडतात, मन थकव्यावरून हटतं. कोणताही गिर्यारोहक हेच तंत्र वेगळ्या नावाने वापरतो. पण त्या आधीच्या पिढ्या 'सराव न करता' चढल्या, हे म्हणणं खरं नाही. शेतात राबणारी, डोक्यावरून पाणी वाहणारी, वारीला पायी जाणारी ती माणसं आयुष्यभर सरावच करत होती. आज दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्या माणसाने त्यांच्या श्रद्धेचा दाखला द्यावा, पण त्यांच्या पायांचा दाखला देऊ नये. आणि छातीत दडपण येत असताना, हातात कळ उतरत असताना, गार घाम फुटलेला असताना 'आता थोड्याच पायऱ्या उरल्या' म्हणत पुढे जाणं ही श्रद्धेची परीक्षा मुळीच नाही. तिथे थांबणं, मदत मागणं आणि परत फिरणं हाच धर्म आहे. डोंगर क्षेत्र असेल, तर जिथून परत फिरलो ती पायरीही क्षेत्रातलीच आहे. अर्ध्यावरून परतणाऱ्याची यात्रा वाया गेली असं कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप रोपवेचा. २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला सुमारे २.३ किलोमीटरचा रोपवे तळेटीपासून अंबामातेपर्यंत काही मिनिटांत पोचवतो. चालणं हीच पूजा असं म्हणायचं, तर वृद्धांनी, अपंगांनी, आजारी माणसांनी काय करायचं? धडधाकट लोकांनी घामाला पुण्य ठरवून दुबळ्यांना देवापासून दूर ठेवायचं का? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर स्पष्ट दिलं पाहिजे. ज्याला गरज आहे त्याने रोपवेने निःसंकोच जावं. या सोयीला नाकं मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक, रोपवे अंबामातेपर्यंतच जातो. त्यापुढे दत्तशिखरापर्यंत हजारो पायऱ्या उरतात, त्याही चढ-उताराच्या, आणि जोराच्या वाऱ्यात रोपवे बंद ठेवावा लागतो. 'रोपवे आहे ना' या भरवशावर तयारीविना गेलेला माणूस निम्म्या वाटेवर अडकतो, आणि त्याची सुटका इतरांना करावी लागते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. दर्शन म्हणजे फक्त शिखर, असं आपणच मनावर बिंबवल्यामुळे न चढू शकणाऱ्या माणसाला कमीपणा वाटतो. डोंगर क्षेत्र मानला, तर दामोदर कुंडाशी बसलेली आजीही गिरनारवरच आहे. भवनाथाचं दर्शन घेऊन, अशोकाचा कातळ पाहून, पायथ्यावरून शिखरांना हात जोडणारा माणूस अर्धवट यात्रा करून परतलेला नसतो. दुबळ्यांना सामावून घेणारा विचार खरं तर हाच आहे; सगळ्यांना कसंही करून टोकाला पोचवण्याची धडपड त्यांना सामावून घेत नाही.

याच ठिकाणी डोलीवाल्यांचा विषय येतो. तळेटीवर यात्रेकरूला काट्यावर उभं करून त्याचं वजन घेतात आणि वजनावर डोलीचा दर ठरतो. मग काठीला झोळण्यासारखी टांगलेली बैठक खांद्यावर घेऊन माणसं पायरी-पायरीने पाऊल जुळवत चढतात. माणसाने माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जावं का, असं अनेकांच्या मनात येतं, आणि ती टोचणी चांगलीच आहे. पण डोलीत न बसण्याने त्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही. या डोंगराचं बळ आणि ज्ञान ज्यांच्या पायांत आहे ती ही माणसं. तीही क्षेत्राचाच भाग आहेत. त्यांच्याशी ठरलेल्या दरात घासाघीस करू नये, त्यांना घाई करू नये, ते थांबतील तिथे थांबू द्यावं. वर मिळणाऱ्या चहामागे, पाण्यामागे, अंबामातेपुढच्या प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी खांदा आहे. पायऱ्यांचंही तसंच. बाराव्या शतकात कुमारपालाच्या काळात इथे पायऱ्या बांधल्याची नोंद आहे, आणि १८८९ मध्ये जुनागढ संस्थानात लॉटरी काढून पायऱ्यांसाठी पैसा उभारला गेला. आपण ज्या दगडावर पाऊल ठेवतो, तो शेकडो अनोळखी लोकांच्या वर्गणीतून आणि पाथरवटांच्या हातांतून तिथे आला आहे.

आता गिर्यारोहकाकडे वळू. त्याची तयारी चांगली असते, बूट चांगले असतात. पण पुष्कळदा तो डोंगराकडे वेळेचा आकडा म्हणून बघतो. गिरनारवर दर वर्षी चढण्या-उतरण्याची स्पर्धा होते, पुरुष अंबामातेपर्यंत साडेपाच हजार पायऱ्या धावतात, आणि तो खरोखर कौतुकाचा पराक्रम आहे. पण स्पर्धेचा दिवस वेगळा आणि दर्शनाला आलेल्या वृद्धांच्या गर्दीतून वाट काढत, घड्याळ बघत धावणं वेगळं. 'मी देव मानत नाही, मला हे निर्बंध कशाला?' असं एखादा म्हणेल. त्याच्यासाठी गिर्यारोहणाच्याच इतिहासातलं उदाहरण आहे. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन कांचनजंगाच्या, जगातल्या तिसऱ्या सर्वोच्च शिखराच्या, माथ्याशी पोचले आणि काही फूट अलीकडेच थांबले. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र आहे आणि माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द मोहिमेने सिक्कीमच्या राजाला, म्हणजे चोग्यालांना, दिला होता. दुसऱ्या दिवशी चढलेल्या जोडीनेही तो पाळला. त्या चौघांची श्रद्धा काय होती याला महत्त्व नाही. थांबल्यामुळे त्यांचा पराक्रम कमी झाला, असं गिर्यारोहणाच्या जगात कुणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या पावित्र्याचा मान राखायला स्वतः भाविक असावं लागत नाही. चपला कुठे काढायच्या, आवाज कुठे खाली आणायचा, फोटो कुठे घ्यायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र भाविक आणि ट्रेकर दोघंही सारखेच दोषी आहेत. गुजरात उच्च न्यायालयालाही अलीकडे गिरनारवरच्या प्लास्टिकची दखल घ्यावी लागली. 'साफसफाई हे प्रशासनाचं काम. लाखोंच्या गर्दीत माझ्या एका बाटलीने काय होणार?' हे नेहमीचं उत्तर. प्रशासनाची जबाबदारी आहेच : पिण्याच्या पाण्याची सोय, स्वच्छतागृहं, गर्दीवर मर्यादा, बंदीची अंमलबजावणी हे त्यांनी केलंच पाहिजे आणि यात्रेकरूंनी ते हक्काने मागितलं पाहिजे. पण डोंगरावर कचऱ्याची गाडी येत नाही. वर टाकलेली बाटली एक तर कुणाच्या पाठीवरून खाली येते, नाही तर पहिल्या पावसात घरंगळत रानात आणि ओढ्यात जाते. आणि त्या ओढ्यांच्याच पाण्यासाठी एके काळी सम्राटांनी बांध घातले होते. देवळाच्या गाभाऱ्यात आपण रॅपर टाकत नाही. पायरीवर टाकतो, कारण पायरीला आपण गाभारा मानत नाही. खरी दुरुस्ती या समजुतीतच करायची आहे.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा हक्काचा. दत्तशिखरावरच्या स्थानाबद्दल हिंदू आणि जैन यांच्यात वाद आहे. दोन्ही परंपरांची श्रद्धा तिथल्या पादुकांशी जोडलेली आहे, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. त्याचा निवाडा यात्रेकरूने करायचा नाही. पण वाटेवरचं आपलं वागणं आपल्या हातात आहे, आणि त्याबद्दलचा सल्ला पायथ्याच्या कातळावर बावीसशे वर्षांपासून कोरलेला आहे. अशोकाचा बारावा लेख सांगतो, की आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जिभेवर ताबा ठेवावा; दुसऱ्याच्या पंथाचा मान राखण्यानेच आपलाही पंथ वाढतो. कुणी म्हणेल, हे राजाचं धोरण झालं, भक्ताचं नव्हे. पण संपूर्ण डोंगर क्षेत्र मानणाऱ्याला हा सल्ला पाळणं सोपं जातं. पावित्र्य एकाच दगडावर आहे असं मानलं की तो दगड कुणाचा, यावरून भांडण होतं. साऱ्या डोंगरावर आहे असं मानलं की नेमिनाथांपुढे, अंबामातेपुढे, गोरखनाथांपुढे आणि दत्तात्रेयांपुढे तितक्याच मोकळ्या मनाने थांबता येतं.

म्हणून गिरनारला जाणाऱ्या प्रत्येक मराठी यात्रेकरूला एवढंच सांगणं आहे. घाईचा एक-रात्रीचा दौरा आखू नका. दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी पायथा बघा, अशोकाचा कातळ नीट बघा, दामोदर कुंडाशी बसा, रात्री पुरती झोप घ्या. दुसऱ्या दिवशी तयारीच्या पायांनी, भरलेल्या पाण्याच्या बाटलीसह आणि रिकाम्या पिशवीसह चढा, आणि उतरताना त्या पिशवीत आपला कचरा आणि जमल्यास दुसऱ्याचाही थोडा घेऊन या. ज्यांना चढवत नाही त्यांना कमी लेखू नका. ज्यांच्या खांद्यांवर ही यात्रा चालते त्यांचा दाम आणि मान दोन्ही चुकते करा. पादुकांचं दर्शन झालं तर आनंदच आहे. पण डोंगराला इजा न करता, कुणाला न दुखावता, स्वतःच्या पायांनी सुखरूप खाली आलात, तर दर्शन झालं नाही तरी तुमची गिरनार यात्रा पूर्ण झाली, असं खुशाल समजा.